स्पॅनिशमधलं ‘केदार’: दर वाक्यात अर्थ बदलतो, तो ओळखायचा कसा?

निळीशाई

स्पॅनिशचे पहिले एकदोन टप्पे पार केलेल्यांसाठी हा धागा. ‘केदार’ हे क्रियापद (आपल्या केदारशी संबंध नाही, इथे जोर ‘दार’वर) शब्दकोशात पाहिलं की पहिल्या ओळीत ‘राहणे, उरणे’ मिळतं. मग ही वाक्यं समोर येतात:

१. केदान दोस सियास. – दोन खुर्च्या उरल्यात.
२. ला एस्तासिओन केदा लेहोस. – स्टेशन लांब पडतं.
३. एसा चाकेता ते केदा बिएन. – ते जाकीट तुला छान दिसतं.
४. एमोस केदादो आ लास ओचो. – आठला भेटायचं ठरलंय.
५. मे केदो कोन एल आसुल. – मी निळा घेतो.
६. से केदोऽ दोर्मिदो. – त्याला झोप लागली.
७. केदा प्रोइबिदो फुमार. – धूम्रपानास मनाई आहे.

सात वाक्यं, सात मराठी क्रियापदं. यादी पाठ करता येईल, पण वाचताना किंवा ऐकताना कुठला अर्थ घ्यायचा हे क्षणात कळेल अशी काही खूण आहे का? आणि मेक्सिको-अर्जेंटिनात हे सगळं असंच चालतं का?

लिहिण्याबद्दल: ज्या भूतकाळी रूपांत शेवटच्या स्वरावर जोर असतो, तिथे मी अवग्रह दिलाय. ‘केदो’ म्हणजे ‘मी राहतो’ आणि ‘केदोऽ’ म्हणजे ‘तो राहिला’. बोलताना फरक फक्त जोराचा, त्यामुळे हा अवग्रह प्रतिसादांतही पाळावा ही विनंती.

खडूफळा

खूण आहे. एक नाही, चार आहेत आणि त्या क्रमाने तपासायच्या.

आधी मूळ. लॅटिनमध्ये ‘किएतारे’ म्हणजे शांत करणे, स्थिर करणे. ‘किएतो’ (निश्चल) हे विशेषण त्याच घरातलं. हालचाल, व्यवहार, चर्चा, घटना, जे काही चाललं होतं ते थांबलं. थांबल्यावर हाती काय आलं, गोष्ट कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे, ते ‘केदार’ सांगतं. खुर्च्या वाटून झाल्या, दोन उरल्या. बोलणी झाली, आठची वेळ ठरली. जाकीट अंगात चढवलं, ते बसलं. हा धागा हातात असला की सातही वाक्यं एका क्रियापदाची वाटायला लागतात. पण वाक्य समोर असताना मुळापर्यंत जायला वेळ नसतो, तेव्हा हे बघा.

पहिली खूण, क्रियापदाचा शेवट. ‘मे केदो’ आणि ‘मे केदा’ यांत एका स्वराचा फरक आहे आणि अर्थ दोन टोकांना. ‘केदो’ हे ‘मी’चं रूप. म्हणून ‘मे केदो’मधला ‘मे’ हा कर्त्याचाच, म्हणजे क्रियापद ‘केदार्से’ आहे: मी थांबतो, मी राहतो. ‘केदा’ हे ‘तो/ती/ते’चं रूप, तेव्हा ‘मे केदा’मधला ‘मे’ कर्ता असूच शकत नाही. तो ‘मला, माझ्याकडे’. कर्ता कुठली तरी वस्तू आहे: मे केदा उन एउरो, माझ्याकडे एक युरो उरलाय. दहा असले की मे केदान दिएस एउरोस, क्रियापद अनेकवचनी. ‘मे केदो दिएस एउरोस’ ही चूक सर्रास दिसते. कारण उघड आहे: पैसे माझे म्हणून क्रियापदही माझं, असं मन धरून बसतं.

दुसरी खूण, मे-ते-ले-नोस-लेस हे ‘मला-तुला-त्याला’ अर्थाने आलेत का. आले तर अर्थ चारांपैकी एक: उरणे, मापाला बसणे किंवा शोभणे, जमणे, जवळ किंवा लांब पडणे. कर्ता पैसा किंवा वेळ असेल तर उरणे. कपडा, चष्मा, केशरचना असेल तर शोभणे. हाताने केलेली गोष्ट असेल आणि काळ भूत असेल तर जमणे. ठिकाण असेल तर अंतर.

तिसरी, मागून येणारं शब्दयोगी अव्यय. ‘कोन’, ‘एन’, ‘पोर’, ‘सिन’. इथे सगळ्यात जास्त पाय घसरतात, वेगळा प्रतिसाद लिहितो.

चौथी, अव्यय नसेल तर लगेच पुढे काय आहे ते. विशेषण, भूतकालवाचक धातुसाधित (‘-आदो, -इदो’वालं) की ‘-आन्दो, -इएन्दो’वालं.

विभक्ती

खडूफळांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून. मराठी माणसाला इथे आयती सोय आहे. ‘मला दोन दिवस उरले’, ‘माझे दोनच विषय राहिले’ असं आपण रोज बोलतो आणि क्रियापद दिवसांशी, विषयांशी जुळवतो. स्पॅनिशही तेच करतं. तेव्हा ‘मे केदान’चं भाषांतर करताना इंग्रजीतून जाऊ नका. तिथे ‘माझ्याकडे आहेत’ होतं आणि कर्ता उलटा फिरतो.

‘राहणे’ हे मराठी क्रियापदच ‘केदार’च्या निम्म्याअधिक अर्थांना पुरतं:

मे केदो एन कासा – मी घरीच राहतो.
केदा मुचो पोर आसेर – बरंच करायचं राहिलंय.
से केदोऽ मिरान्दो – तो बघतच राहिला.
केदोऽ एम्बारासादा – ती गरोदर राहिली.
से मे केदोऽ एल पाराग्वास एन कासा – माझी छत्री घरीच राहिली.

शेवटच्या वाक्यात दोष छत्रीच्या माथी मारायची युक्तीही दोन्ही भाषांत सारखी. आणि स्पेनमध्ये नापास विषयांबद्दल ‘मे आन केदादो दोस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘माझे दोन राहिले’.

जिथे ‘राहणे’ चालत नाही ते अर्थ फक्त वेगळे लक्षात ठेवायचे: शोभणे, जमणे, ठरणे, निवडून घेणे, अंतरावर असणे, क्रमांक येणे (केदोऽ सेगुन्दो, तो दुसरा आला, ती असेल तर सेगुन्दा). पाठ करायची यादी अर्धी होते.

आडवाट

‘उरणे’बद्दल एक सावधगिरी. मराठीत ‘उरणे’ दोन गोष्टी सांगतं, स्पॅनिशमध्ये त्या अलग आहेत. बारा पाहुणे, दहा खुर्च्या: फाल्तान दोस सियास, दोन कमी पडतात. दहा पाहुणे, बारा खुर्च्या: सोब्रान दोस सियास, दोन जास्तीच्या उरतात. दुकानात बारा होत्या, दहा विकल्या गेल्या: केदान दोस सियास, दोन शिल्लक. ‘केदार’ने गरज भागली की नाही ते कळत नाही, फक्त शिल्लक कळते. पार्टीनंतर उरलेल्या जेवणाबद्दल ‘आ सोब्रादो कोमिदा’ म्हटलं तर लागत होतं त्यापेक्षा जास्त झालं. ‘केदा कोमिदा’ म्हटलं तर अजून आहे, घ्या.

वेळेच्या बाबतीत मात्र फाल्तार आणि केदार दोन्ही चालतात. फाल्तान दोस दिआस पारा एल एक्सामेन किंवा केदान दोस दिआस, परीक्षेला दोन दिवस राहिले. प्रवासात ‘क्वान्तो केदा?’ म्हणजे अजून किती राहिलं, मग ते अंतर असो की वेळ.

रेघोटी

तिसरं वाक्य, जाकिटाचं. ‘ते केदा बिएन’ हे मापाबद्दल की दिसण्याबद्दल? पुस्तकांत दोन्ही भाषांतरं सापडतात.

खडूफळा

दोन्हीबद्दल, आणि तेही एकाच वेळी. नेमकं माप सांगायचं असेल तर विशेषण येतं आणि ते कपड्याच्या लिंगवचनाशी जुळतं. ला फाल्दा मे केदा कोर्ता: स्कर्ट आखूड होतोय. लोस पान्तालोनेस मे केदान कोर्तोस: पँट आखूड होतेय. मोठं होत असेल तर ग्रान्दे किंवा ग्रान्देस. ‘बिएन’ आणि ‘माल’ हे क्रियाविशेषण असल्याने बदलत नाहीत, ‘मे केदान बिएनेस’ असलं काही नसतं.

निव्वळ दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर स्पेनमध्ये ‘ते सिएन्ता बिएन’ही ऐकू येतं. पण ‘सेन्तार’ खाण्याबद्दलही येतं, म्हणजे ते पदार्थ मानवला की बाधला हे सांगतं. तो वेगळा विषय.

आता याच तीन शब्दांचे तीन खेळ बघा. नवखे इथे हमखास घोटाळतात.

ते केदा बिएन (वर्तमान, ‘ते’ आहे): तुला शोभतं.
ते केदोऽ बिएन (भूत, ‘ते’ आहे): तुला छान जमलं. स्वयंपाक, चित्र, भाषण, काहीही. स्पेनमध्ये याच जागी बहुधा ‘ते आ केदादो बिएन’ म्हणतात. पदार्थ असेल तर विशेषण घालतात: ला पाएया ते आ केदादो बुएनिसिमा.
केदास्ते बिएन (‘ते’ नाही, कर्ता ‘तू’): तुझी छाप चांगली पडली, लोकांत शोभलास.

तिसऱ्याचं उलटं ‘केदार माल’: इज्जत गेली, वाईट दिसलं. कुणासमोर, ते ‘कोन’ने: केदेऽ माल कोन सुस पाद्रेस, त्याच्या आईवडिलांपुढे माझी शोभा झाली. ‘केदार कोमो उन तोन्तो’, मूर्ख ठरणे. भेट घेऊन जाणं, आभाराचा निरोप धाडणं अशा गोष्टी ‘पारा केदार बिएन’ करतात, म्हणजे बरं दिसावं म्हणून. ‘पण ते केवळ बरं दिसावं म्हणून केलं’ हा टोमणाही याच शब्दांत मारतात.

दुभाष्या

अव्ययांचा प्रतिसाद मी लिहितो. भाषांतरात सगळ्यात महागात ‘कोन’ पडतं.

ए केदादो कोन आना – मला आनाला भेटायचंय, ठरलंय.
मे ए केदादो कोन आना – मी आनाजवळ थांबलो. किंवा, अनेकांतून मी आनाची निवड केली.

एक ‘मे’ गेला की ‘थांबलो’चं ‘भेटायचं ठरलं’ होतं. म्हणून ‘केदार कोन’ दिसलं की आधी मागे वळून ‘मे/ते/से’ आहे का ते बघायचं. आहे तर: वस्तू असल्यास ‘ठेवून घेणे, पसंत करणे’, माणूस असल्यास ‘जवळ थांबणे’ किंवा ‘निवडणे’. नाही तर: माणूसच असणार, आणि भेटीचं ठरलंय किंवा (बिएन-माल सोबत असेल तर) छाप पडलीये.

वस्तूच्या बाबतीत ‘कोन’ गाळूनही चालतं, मग वस्तू थेट कर्म होते. केदाते कोन एल लिब्रो किंवा केदाते एल लिब्रो, पुस्तक तुलाच ठेव. सर्वनाम घातलं की केदातेलो. दुकानात कपडा घालून पाहिल्यावर ‘मे लो केदो’ म्हणजे ‘हा घेतो’. तिथे ‘लो कोम्प्रो’ व्याकरणाने बरोबर आहे, पण काउंटरवर सहज येतं ते ‘मे लो केदो’. सुटे पैसे ठेवा म्हणायला केदेसे कोन एल काम्बिओ. स्पेनमध्ये ‘काम्बिओ’च्या जागी ‘ला बुएल्ता’, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘एल बुएल्तो’.

आणि स्पेनमधलं बोलभाषेतलं आणखी एक ‘से कोन’: ते एस्तास केदान्दो कोन्मिगो? म्हणजे ‘माझी फिरकी घेतोयस का?’ माणूस आहे, ‘से’ आहे, पण थांबण्याशी काही संबंध नाही. चालू काळातलं ‘एस्तास केदान्दो’ आणि चढलेला सूर, यावरून ओळखायचं.

आता ‘एन’.

केदार एन + मूळ क्रियापद: अमुक करायचं ठरवणे, कबूल होणे. केदामोस एन पागार आ मेदिआस, अर्धेअर्धे पैसे द्यायचं ठरलं.
केदार एन के + पूर्ण वाक्य: केदामोस एन के तू त्राईआस एल बिनो, वाईन तू आणायची असं ठरलं होतं. ‘ठरवणे’ म्हटलं की अनेकांचा हात विध्यर्थी रूपाकडे जातो. इथे ते नको, साधं निश्चयार्थी रूप.
केदार एन + ठिकाण: केदामोस एन ला प्लासा, चौकात भेटायचं ठरलं.
केदार एन नादा: फिसकटणे. तोदो केदोऽ एन नादा.

‘एन के केदामोस?’ हा प्रश्न कागदावर ‘काय ठरलं?’ असा सरळ दिसतो. बोलताना बहुतेक वेळा तो वैतागाचा असतो. समोरचा आधी हो म्हणाला, मग नाही, तेव्हा: ‘मग आता नक्की काय?’ उपशीर्षकांत याचं ‘आपण कशात राहिलो?’ केलेलं दिसलं तर यंत्राने केलंय हे समजा.

‘पोर’ सोपं: केदान पोर रेबिसार त्रेस कापितुलोस, तीन प्रकरणं तपासायची राहिलीत. ‘सिन’ त्याहून सोपं, पण त्याला ‘से’ लागतो: मे केदेऽ सिन बातेरिआ, बॅटरी संपली. मराठीत बॅटरी संपते, स्पॅनिशमध्ये मी बॅटरीविना उरतो.

रेघोटी

‘केदामोस आ लास ओचो’ हे ‘आठला भेटू या’ की ‘आठला भेटायचं ठरलं’?

दुभाष्या

दोन्ही. ‘-आर’ गटात ‘आम्ही’चं वर्तमान आणि साधा भूत एकच रूप घेतात. प्रश्नार्थक सूर असेल तर प्रस्ताव: केदामोस आ लास ओचो? विधान असेल आणि मागे ‘आयेर’ (काल) वगैरे असेल तर भूत. ही अडचण होऊ नये म्हणूनही स्पेनमध्ये ‘एमोस केदादो’ बरं पडतं. नुसतं ‘ए केदादो’, पुढे काहीच नाही, हे पूर्ण वाक्य आहे: ‘मला कुणाला तरी भेटायचंय’. निमंत्रण टाळायचा सभ्य मार्ग, आणि कुणाला ते सांगायची सक्ती नाही.

समुद्रफेस

देशांचा प्रश्न राहिला, तो घेतो.

‘भेटायचं ठरवणे’ या अर्थी नुसतं ‘केदार कोन’ ही मुख्यतः स्पेनची सवय. मेक्सिकोत ‘केदामोस दे बेर्नोस’, म्हणजे ‘दे’ आणि पुढे ‘भेटणे’ हे क्रियापद स्पष्ट. ‘केदामोस एन बेर्नोस’ सगळीकडे समजतं, तेव्हा कोण कुठला हे ठाऊक नसेल तर तेच वापरा. ‘केदादा’ हे नाम, ठरवून जमलेल्यांचा मेळावा, तेही स्पेनमधलं.

ठिकाणासाठी उलट. ‘दोन्दे केदा एल बान्यो?’ हे लॅटिन अमेरिकेत अगदी रोजचं. स्पेनमध्ये ‘दोन्दे एस्ता?’ जास्त, तिथे ‘केदा’ विशेषतः अंतर सांगताना येतं, मे केदा सेर्का, मला जवळ पडतं. नियम मात्र दोन्हीकडे एक: जागचं न हलणाऱ्यालाच ‘केदा’. इमारत, गाव, रस्ता, खोली. ‘दोन्दे केदा मी एर्मानो?’ नाही, भाऊ चालताफिरता आहे. त्याला ‘दोन्दे एस्ता?’च. किल्ल्यांनाही तेच.

विसरलेल्या छत्रीसाठी विभक्ती यांनी दिलेलं ‘से मे केदोऽ’ लॅटिन अमेरिकेत जास्त ऐकू येईल. स्पेनमध्ये ‘मे ए देहादो एल पाराग्वास’. गरोदर राहण्याला स्पेनमध्ये ‘से’ लावायचा कल, लॅटिन अमेरिकेत न लावायचा.

आज्ञार्थात अर्जेंटिना वेगळा. स्पेन आणि मेक्सिकोत ‘थांब’ म्हणजे केदाते, जोर ‘के’वर, आणि लिहिताना त्या स्वरावर चिन्ह. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ वापरतात त्यामुळे जोर ‘दा’वर सरकतो आणि चिन्ह गळतं. संदेशात चिन्ह नसलेलं दिसलं तर लिहिणारा आळशी आहे की अर्जेंटिनाचा, हे बाकीच्या मजकुरावरून ठरवा.

स्पेनच्या पश्चिम भागात, सालामान्का किंवा एस्त्रेमादुराकडे, ‘ए केदादो लास यावेस एन कासा’ ऐकलं तर दचकू नका. तिथे ‘केदार’ हे ‘देहार’च्या, म्हणजे ‘ठेवून येणे’च्या जागी येतं: किल्ल्या घरी ठेवून आलो. रेआल आकादेमिया एस्पान्योला (स्पॅनिशची प्रमाणभाषा ठरवणारी अकादमी) हा प्रमाण वापर मानत नाही. ओळखावं, उचलू नये.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. सहावं आणि सातवं वाक्य अजून राहिलंय. झोप लागण्याला ‘केदार्से’ का? आणि ‘होणे’साठी पोनेर्से, बोल्बेर्से, आसेर्से असे आणखी तीन आहेत, त्यांतून निवडायचं कसं?

खडूफळा

‘केदार्से’ + विशेषण म्हणजे एखादी घटना झाली आणि माणूस त्या स्थितीत येऊन थांबला. त्यातही दोन जातींची विशेषणं फार: काही गमावल्याची (सिएगो आंधळा, सोर्दो बहिरा, बिउदो विधुर, काल्बो टकला) आणि हालचाल किंवा आवाज थांबल्याची (किएतो निश्चल, कायादो गप्प, दोर्मिदो झोपलेला). मुळातला ‘शांत होणे’ इथे अजून जिवंत आहे.

बाकीचे तीन असे. पोनेर्से: तात्पुरतं, दिसून येणारं, थोड्या वेळात ओसरणारं. से पुसो रोहो, तो लाल झाला. से पुसो नेर्बिओसो. बोल्बेर्से: स्वभावच पालटला. से बोल्बिओऽ लोको, वेडा झाला. आसेर्से: ठरवून, प्रयत्नाने किंवा क्रमाक्रमाने झालेलं. से इसो मेदिको, डॉक्टर झाला. से इसो रिको, श्रीमंत झाला.

परीक्षेत रिकाम्या जागा भरताना हा क्रम लावा: काही गेलं का, थांबलं का? मग केदार्से. तासाभरात पूर्ववत होईल का? पोनेर्से. त्याने ते मिळवलं का? आसेर्से. माणूस आतून बदलला का? बोल्बेर्से. अपवाद आहेतच, ‘केदार्से त्रान्किलो’ म्हणजे निर्धास्त होणे, त्यात गमावणं काही नाही. पण चिंतेची धडधड थांबली एवढं तर आहे.

वस्तूंना बहुधा ‘से’ लागत नाही: एल कोचे केदोऽ देस्त्रोसादो, गाडीचा चुराडा झाला. इथे घटनेनंतरचा निकाल सांगितलाय. त्याचीच सरकारी बहीण म्हणजे सातवं वाक्य. केदा + धातुसाधित हा फलकांचा, निकालपत्रांचा, घोषणांचा साचा. केदा प्रोइबिदा ला एन्त्रादा, प्रवेश बंद. केदान प्रोइबिदास लास बिसितास, भेटींना मनाई. धातुसाधित नामाशी जुळतं ते बघा: एन्त्रादा स्त्रीलिंगी म्हणून ‘-इदा’. फुमार हे मूळ क्रियापद म्हणून पुल्लिंगी एकवचन, ‘-इदो’. केदोऽ देमोस्त्रादो, सिद्ध झालं. ‘एस्ता प्रोइबिदो’ आणि ‘केदा प्रोइबिदो’ यांत फरक असा की दुसऱ्यात ‘या आदेशान्वये, इथून पुढे’ असा सूर असतो.

विभक्ती

मराठीत त्याला ‘मनाई करण्यात येत आहे’ हा थाट नेमका.

अवांतर: संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’. त्यातलं ‘केदा’ क्रियापद नाही, नाम आहे: लोकांनी घरी परतावं यासाठी ठरलेली रात्रीची वेळ आणि तिची घंटा. मूळ तेच. शिवाय ‘केदो’ हे ‘हळू आवाजात’ अशा अर्थाचं क्रियाविशेषणही आहे, आब्लार केदो. ते पुस्तकी, पण कथा-कादंबऱ्यांत भेटतं. ‘मी राहतो’ समजून वाचलं तर वाक्य लागत नाही.

आडवाट

वाचताना आणि ऐकताना फसवणारं आणखी एक: ‘के दा’, दोन शब्द. ला बेन्ताना के दा आल पातिओ, अंगणाकडे उघडणारी खिडकी. ‘के’ म्हणजे ‘जी’, ‘दा’ म्हणजे ‘देते’. ऐकताना ‘केदा’शी तंतोतंत जुळत नाही, कारण ‘केदा’त जोर ‘के’वर असतो आणि इथे ‘के’ दुबळा. पण घाईच्या बोलण्यात फरक सांगायला पुढचं ‘आ’ किंवा ‘आल’च मदतीला येतं. उपशीर्षकांशिवाय ऐकताना हे कानाला शिकवावं लागतं.

उच्चाराचंही सांगतो. स्वरांमधला हा ‘द’ आपल्या ‘द’सारखा ठोकून म्हणायचा नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला नुसतं टेकवायचं आणि हवा अडवायची नाही. ‘केदादो’त दोन्ही ‘द’ तसेच. स्पेनमध्ये बोलताना त्यातला शेवटचा पार विरतो आणि ‘केदाओ’ ऐकू येतं. ‘एमोस केदाओ’ ऐकून शब्दकोश उघडलात तर काही सापडणार नाही.

रूपं चालवायला मात्र सोपी आहेत, हे क्रियापद पूर्ण नियमित आहे. ‘केरेर’चं जसं ‘किएरो’ होतं तसं इथे ‘किएदो’ होत नाही. त्या दोघांची गल्लत फार दिसते.

समुद्रफेस

ठरीव वाक्प्रचार थोडे:

नो मे केदा ओत्रा – दुसरा इलाज नाही. सविस्तर, ‘नो मे केदा मास रेमेदिओ के...’ आणि पुढे मूळ क्रियापद.
केदार्से दे पिएद्रा – थक्क होणे, दगड होऊन बसणे.
केदार्से एन ब्लान्को – ऐनवेळी काहीच न आठवणे.
केदार्से कोन लास गानास – हौस अपुरी राहणे. इथे ‘कोन’ आहे, ‘से’ आहे, वस्तू आहे, पण ‘पसंत करणे’ नाही, बरं का.
पोर मी के नो केदे – माझ्यामुळे अडायला नको. ‘केदे’ हे विध्यर्थी रूप. सहलीला कोण कोण तयार आहे असं विचारल्यावर येणारं उत्तर.

निळीशाई

वाचनखूण साठवली. सरावाला सहा वाक्यं देते, अर्थ लिहा. घाई नको, आधी क्रियापदाचा शेवट बघा.

अ) ते केदास ओ ते बास?
आ) ते केदा काफे?
इ) नो केदोऽ नादिए.
ई) नोस केदान पोर पागार दोस मेसेस.
उ) केदेऽ कोन एया एन के ला यामारिआ.
ऊ) नोस केदामोस कोन एल पेर्रो.

रेघोटी

अ) थांबतोस की निघतोस? (‘केदास’ तूचं रूप, म्हणून ‘ते’ कर्त्याचाच.)
आ) तुझ्याकडे कॉफी उरलीय का? (‘केदा’, कर्ता कॉफी.)
इ) कुणीच उरलं नाही.
ई) दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिलेत.
उ) माझं तिला भेटायचं ठरलं आणि मी फोन करणार होतो?
ऊ) कुत्रा आम्ही ठेवून घेतला.

दुभाष्या

पहिली चार बरोबर. ‘उ’मध्ये भेट कुठेच नाही. ‘कोन एया’ फक्त कुणाशी ठरलं ते सांगतं, काय ठरलं ते ‘एन के’च्या पुढे आहे: तिला फोन करीन असं माझं तिच्याशी ठरलं. म्हणजे ‘केदार कोन’ दिसलं तरी वाक्य संपेपर्यंत थांबायचं. मागून ‘एन के’ किंवा ‘एन + क्रियापद’ आलं तर तेच मुख्य, आणि काहीच आलं नाही किंवा वेळ-ठिकाण आलं तरच भेट.

‘ऊ’चे दोन अर्थ होतात. कुत्रा ठेवून घेतला, किंवा (बाकीचे बाहेर गेले आणि) आम्ही कुत्र्याजवळ थांबलो. शिवाय ‘केदामोस’ वर्तमानही असू शकतं, म्हणजे ‘ठेवून घेतो’ किंवा ‘थांबतो’. एकट्या वाक्यावरून निवाडा होत नाही. लिहिणाऱ्याला संदिग्धता नको असेल तर पहिल्या अर्थासाठी ‘नोस लो केदामोस’ आणि दुसऱ्यासाठी ‘नोस केदामोस एन कासा कोन एल पेर्रो’ असं लिहावं. भाषांतर करताना मात्र मागचं-पुढचं वाक्य मागून घ्या.